टँकरभर विरजण

परत आल्यापासून आमच्या गल्लीत एकच प्रश्न चालू आहे. "बुलढाण्याकडं गेला होता म्हणे, काय काय बघितलं?" शेगावला दर्शन झालं, लोणारचं सरोवर बघितलं, एवढं ऐकलं की लोकांचं समाधान होतं. पण सात दिवसांतले बहुतेक मी एका लहान गावाच्या सांडपाण्यापाशी काढले, असं म्हटलं की समोरचा माणूस हळूच नाकाकडं हात नेतो. म्हणून म्हटलं, सगळं सविस्तर लिहूनच काढावं.

साताऱ्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यावर सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायला लागले. मार्चमध्ये एका दुपारी अनोळखी फोन आला.

"मॅडम, तुम्ही मायक्रोस्कोप दुरुस्त करता न? मी अर्चना बोलून राह्यली, मेहकर तालुक्यातून."

मी नेहमीचं उत्तर दिलं, नीट गुंडाळून कुरिअर करा, पंधरा दिवसांत देते.

"पंधरा दिवस नाहीत मॅडम. माह्ये जंतू मेले. आता नवे आणायचे हायेत, अन् ते जिवंत हायेत का नाही हे पाहाले माह्याजवळ काही नाही."

माझ्या उभ्या आयुष्यात कुणी जंतू मेले म्हणून रडवेलं झालेलं मी ऐकलं नव्हतं. मी विदर्भ पाहिला नव्हता, गुडघे अजून ठीक होते आणि सुनेच्या परीक्षा संपल्या होत्या. तिसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी आणि माझा स्वतःचा, आरशावर चालणारा जुना सूक्ष्मदर्शक घेऊन मी शेगावला उतरले.

घाटावर

शेगावला स्टेशनबाहेर दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि एसटीत बसले. आमच्याकडं घाट म्हणजे वळणंच वळणं. इथं घाट म्हणजे जिल्ह्याची एक पायरी. पायरीच्या खालचे ते घाटाखालचे, वरचे ते घाटावरचे, आणि दोघंही एकमेकांबद्दल परमुलखातल्यासारखं बोलतात. "घाटाखाली लय ऊन, बाप्पा," असं शेजारच्या बाई म्हणाल्या. त्यांचं गाव घाटापासून फक्त दहा किलोमीटर वर होतं.

अर्चना स्टँडवर घ्यायला आली होती. वय बत्तीस-तेहतीस, रसायनशास्त्रात बीएस्सी, स्कूटीच्या डिकीत पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या. गेली सहा वर्षं ती गावाच्या सांडपाणी प्रकल्पावर ऑपरेटर आहे. गावाचं नाव लिहू नका, असं तिनं बजावलंय. "लोक हासतील," म्हणाली. का, ते पुढं कळेलच.

प्लांट गावाच्या टोकाला, कडुनिंबाच्या सावलीत. गावातली सगळी गटारं इथं येतात. आधी जाळीत प्लास्टिक आणि चिंध्या अडकतात, मग वाळू खाली बसते, आणि मग पाणी एका मोठ्या टाकीत जातं. तिथं खालून सतत हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. त्या हवेवर कोट्यवधी जंतू जगतात आणि पाण्यातली घाण खाऊन टाकतात. पुढच्या टाकीत ते जंतू गाळासारखे तळाशी बसतात आणि वरचं निवळ पाणी नाल्यात सोडतात. नाला तीन किलोमीटरवर पैनगंगेला मिळतो.

"उन्हाळ्यात नदीत काय राह्यते, मॅडम? दोन-चार डोह," अर्चना सांगत होती. "वाहतं जे पाणी, ते माह्या प्लांटचंच. खाली लोकायचे भाजीपाल्याचे मळे हायेत, डोहात मासोळ्या हायेत. इथून घाण गेली तं सगळी त्यायच्या गळ्यात."

मग तिनं मला हवेची टाकी दाखवली. पाण्याचा रंग चॉकलेटी हवा, होता राखाडी. वासही कुजका. झालं होतं ते असं. गावात स्वच्छता सप्ताह झाला. उत्साही मंडळींनी गोदामात पडून राहिलेलं सगळं फिनेल आणि ब्लिचिंग पावडरची पोती एकाच सकाळी गटारात ओतली. गटारं लख्ख झाली, फोटो निघाले, आणि ते सगळं वाहत टाकीत येऊन दुपारपर्यंत जंतू साफ झाले. स्वच्छतेनंच स्वच्छता मारली. हसू आलं खरं, पण अर्चनाच्या चेहऱ्याकडं बघून मी ते गिळलं.

"शेण टाकलं, गूळ टाकला. त्यानं नवे जंतू तयार होतात, पण तीन आठवडे लागतात."

"आणि तोवर गटाराचं पाणी कुठं जातंय?"

तिनं मला मागच्या जुन्या तलावाकडं नेलं. प्रकल्प होण्याआधी गाव तिथंच पाणी सोडत असे. नाल्याकडची झडप बंद करून आठ दिवस ती सगळं पाणी त्यात साठवत होती. तलाव काठाला चार बोटं उरला होता. ती चार बोटं भरली की काळं पाणी आपोआप नाल्यात आणि तिथून नदीत.

"किती दिवस?"

"तीन. लयच ताणलं तं चार."

तिचा सूक्ष्मदर्शक मी त्याच संध्याकाळी उघडला. जुनं ग्रीस गोंदासारखं कडक झालं होतं आणि भिंगावर बुरशीची जाळी. दोन तासांत तो पुन्हा फिरायला लागला. टाकीतलं पाणी त्याखाली ठेवलं. काहीही हलत नव्हतं.

घाटाखाली

उपाय एकच होता. घाटाखालच्या एका मोठ्या गावात असाच प्लांट आहे, तिथला जिवंत गाळ आणून आपल्या टाकीत सोडायचा. "दही लागत नसन तं शेजारणीकून विरजण आणत नाही का आपण? तसंच," अर्चना म्हणाली. मी येऊ का, असं विचारल्यावर तिनं मला मॅडमवरून एकदम मावशी केलं.

टँकर चालवायला परसरामभाऊ होते. पन्नाशीचे, मिशी पीळदार, अंगात पांढराशुभ्र शर्ट. रस्त्याच्या कामावर पाणी मारणारा टँकर त्यांनी आदल्या दिवशी तीनदा धुतला होता. पण काय आणायचंय हे ऐकल्यापासून ते घुश्शात होते.

"ताई, अमडापूरवरून जायाचं नाही, आधीच सांगतो."

"काऊन?"

"माही सासरवाडी हाये. जवाई मैला घेऊन चालला, असं म्हणतीन लोक."

"मैला नाही हो भाऊ, जंतू हायेत."

"म्हणजे अजूनच झालं!"

घाटाखालच्या प्लांटवर सकाळी नऊला पोचलो. गाळ दाट, तपकिरी, आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पहिल्या पावसाआधीच्या शेतासारखा मातकट वास. तिथल्या ऑपरेटरनं टँकर भरून दिला आणि अर्चनाला बजावलं, "चार तासात पोचवजा ताई. हवा नाही भेटली तं गुदमरतात हे."

रस्ता दोन तासांचा. आम्ही निर्धास्त निघालो. घाट चढून वर आलो आणि पुढं पाटी दिसली, पुलाचं काम चालू, रस्ता बंद. वळसा अमडापूरवरून.

परसरामभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

अमडापूर

त्या दिवशी तिथं बाजार होता. कांद्याची पोती, मिरच्यांचे लालभडक ढीग, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, आणि या सगळ्यामधून मुंगीच्या पावलानं आमचा टँकर. आमच्याकडं बाजारात वाहन अडकलं की लोक ओरडतात. इथं लोक खिडकीशी येऊन चौकशी करतात. कुठले, कुठं चालले, जेवले का.

टँकर थांबलेला दिसताच एक बाई हंडा घेऊन मागं उभी राहिली. मग दुसरी. पाच मिनिटांत दहा-बारा हंडे आणि कळश्यांची रांग लागली. त्या भागातले नळ दोन दिवस कोरडे होते.

अर्चना खाली उतरली. "माय, हे पेयाचं पाणी नाही."

"मंग वापराचं दे, भांडे घासाले."

"वापराचंही नाही वं."

"मंग हाये तरी काय त्याच्यात?"

अर्चनानं एकदा टँकरकडं पाहिलं. "विरजण हाये," म्हणाली.

"एवढं दही कोणाच्या लग्नाले?" रांगेत हशा पिकला. त्याच वेळी रांगेतल्या सातव्या बाईनं पदर सावरत केबिनमध्ये पाहिलं.

"अवं माय! जवाई!"

परसरामभाऊ सीटखाली जाता येईल का बघत होते. सासूबाईंनी दार उघडायला लावलं आणि टँकरात काय आहे ते थेट त्यांनाच विचारलं. भाऊंनी खाली मान घालून खरं ते सांगितलं. गावाचं सांडपाणी साफ करणारे जंतू मेले, नवे घेऊन चाललो, उशीर झाला तर हेही मरतील आणि घाण नदीत जाईल.

सासूबाईंनी हातातला हंडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नदीच्या कामाले चालले न? मंग शरम कायची? च्या घेऊन जा."

"टाइम नाही मामी."

जावई सासरवाडीचा चहा नाकारतो, हे बाजारातल्या लोकांना टँकरातल्या जंतूंपेक्षाही भयंकर वाटलं. पण बाईंनीच पुढं होऊन लोकांना बाजूला सारलं, बैलगाड्या हटवल्या आणि आम्हाला वाट काढून दिली.

बांधावर

अमडापूर सोडून सहा-सात किलोमीटर गेलो असू, मागचं टायर फुटलं. जादा चाक होतं. जॅक मात्र भाऊंनी टँकर धुताना घरीच काढून ठेवला होता. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, आणतो, पण गाडी शेतात गेलीय, तास-दीड तास लागेल.

चार तासांतले तीन संपले होते. अर्चनानं टँकरचं झाकण उघडून वास घेतला आणि तिचा चेहरा पडला. मातकट वास कमी होऊन कुजकट सुरू झाला होता.

"आता काय करायचं, मावशी?"

मी इकडं तिकडं पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बियाण्याचा कांदा फुलला होता, हातभर उंच दांड्यांवर पांढरे चेंडू, त्यांवर मधमाश्यांची गर्दी. विहिरीपाशी एक डिझेल इंजिन पाणी उपसत होतं. पाण्याची जाड धार पाटात फेसाळत पडत होती. दोघींनी एकदमच तिकडं पाहिलं. खालून गाळ उपसून वरच्या झाकणातून पुन्हा आत सोडला तर पडतापडता त्याला हवा मिळेल!

शेत गोदाबाईंचं होतं. साठी उलटलेली, नऊवारीचा काष्टा, हातात खुरपं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माह्या इंजनातून घाण पाणी? मंग मी कांद्याले काय देऊ?"

"मागून चांगल्या पाण्यानं धुऊन देतो आजी. पण आत्ता ते मरून राह्यले."

"कोण मरून राह्यलं? मले तं कोणी दिसत नाही. जिवंत हाये म्हणते, तं दाखव."

रास्त मागणी होती. मी माझा आरशाचा सूक्ष्मदर्शक बाजेवर मांडला, ऊन आरशावर घेतलं आणि टँकरातला एक थेंब काचेवर ठेवला. लांब देठावर घंटेसारखं तोंड असलेले जीव त्यात होते. निरोगी असले की ते सारखे आखडतात आणि उलगडतात. आमचे थकले होते. दहा-बारा मोजल्यावर एखादा हळूच आखडत होता. मी बाजूला सरले. गोदाबाईंनी एक डोळा हातानं झाकला आणि वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"अवं! हे तं मान हलवून राह्यलं!"

"हवा पाह्यजे त्याले, आजी."

त्यांनी खुरपं टाकलं आणि इंजिनाकडं चालू लागल्या.

विहिरीपासून इंजिन रस्त्यापर्यंत ओढत आणणं हा वेगळाच पराक्रम होता. एक पाइप टँकरच्या तोटीला, दुसरा वर झाकणात. इंजिन सुरू झालं तशी तपकिरी धार वर उसळून आत पडायला लागली आणि फेस झाकणाबाहेर आला. तो फेस पाइप धरून बसलेल्या परसरामभाऊंच्या पांढऱ्या शर्टावर. शर्टाचं जे व्हायचं ते झालं. भाऊ मात्र आता घुश्शात नव्हते. "हवा खा रे बाप्पा, खा," असं ते झाकणात तोंड घालून म्हणत होते.

तासभर धार चालली. तेवढ्यात गोदाबाईंनी आम्हाला ज्वारीची भाकर आणि पातोडीची भाजी वाढली. बेसनाच्या वड्या तिखट काळ्या रश्श्यात सोडलेल्या. आमच्याकडं पाटवडी पोळीबरोबर मुकाट्यानं ताटात बसते, इथली पातोडी कानातून धूर काढते. मी पाणी पीत होते आणि गोदाबाई हसत होत्या. "सातारच्या तुम्ही? मिरची नाही का तिकडं?"

मेहुणा आला तो जॅक घेऊन, आणि हातात चहाची किटली. सासूबाईंनी पाठवली होती. "च्या न घेता गेला म्हणून माय बसून राह्यली होती तोंड फुगवून," तो म्हणाला. भाऊंनी फेसाळलेल्या शर्टानं उभ्याउभ्या दोन कप घेतले.

निघताना मी पुन्हा एक थेंब पाहिला. घंटा भराभर आखडत होत्या. गोदाबाईंनीही पाहिलं. मग अर्चनाला म्हणाल्या, "पोहचले की फोन कर. जगले का मेले ते सांग."

सूर्य मावळायच्या आत आम्ही प्लांटवर होतो. गाळ टाकीत सोडला, हवेचं यंत्र सुरू झालं, आणि अर्चना टाकीच्या कठड्याला टेकून बुडबुडे बघत उभी राहिली.

वाट बघणं

आता घाई करून चालणार नव्हतं. नव्या जंतूंना एकदम सगळं पाणी दिलं तर झेपत नाही. तलावातलं पाणी थोडं थोडं टाकीत सोडायचं, काचेच्या उंच नळीत नमुना घेऊन अर्धा तास ठेवायचा, गाळ किती खाली बसतो आणि वरचं पाणी किती निवळतं ते पाहायचं. पहिल्या दिवशी वरचं पाणी ढगाळच राहिलं. तलाव दोन बोटांवर आला. अर्चना दर तासाला काठीनं काठ मोजत होती.

"मावशी, तुम्ही लोणार पाहून या," ती म्हणाली. मी तिच्या पायात पायात येत होते, त्याचं हे सभ्य भाषांतर. म्हणून डोणगावमार्गे एसटीनं गेले. एवढा मोठा खड्डा मी कधी पाहिला नव्हता. काठावरून खाली हिरवं पाणी, भोवती झाडी, मोर ओरडत होते. पण खरं सांगते, पाणी पाहिलं आणि मला तलावाचा काठच आठवला. दुपारच्या गाडीनं परतले.

अर्चना फाटकातच उभी होती. "मावशी, लवकर या. मले काही समजून नाही राह्यलं."

तिनं थेंब लावून ठेवला होता. मी पाहिलं. एक घंटा दिसली. काच सरकवली, आणखी चार. अजून सरकवली तर एका गाळाच्या कणावर त्यांचा झुबका, सगळ्या एका लयीत आखडत उलगडत, आणि मधूनच एक चपळ जीव तोंडाची चाकं फिरवत गेला.

"काय समजत नाहीये?"

"हे खरंच हायेत, का मले दिसावं वाटून राह्यलं म्हणून दिसून राह्यलं?"

"खरंच आहेत गं."

तिनं आधी गोदाबाईंना फोन केला. नवऱ्याला नंतर.

नाल्याच्या काठानं

आणखी दोन दिवसांनी, माझ्या परतीच्या आदल्या सकाळी, नळीतलं पाणी असं निवळलं की पलीकडं धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला. तलाव काठाला अर्धंच बोट उरला होता. तिनं नमुने तपासले, वहीत नोंद केली आणि नाल्याची झडप उघडली.

नाला कोरडाठाक होता. पाणी झडपेतून निघालं आणि दगडगोट्यांमधून वाट शोधत पुढं सरकलं. त्याचं टोक आमच्या चालण्याइतकंच हळू जात होतं. मी सहज म्हटलं, "चल, ह्याच्याबरोबर जाऊ." अर्चनानं प्लांट परसरामभाऊंवर सोपवला आणि आम्ही निघालो.

वाळकी पानं पाण्यावर चढून पुढं निघाली. मुंग्या पळाल्या. एका खड्ड्यात पाणी थांबलं, तो भरेपर्यंत आम्हीही बाभळीखाली थांबलो. कुठूनसे दोन बगळे आले आणि पाण्याच्या टोकापुढं किडे टिपत आमच्याबरोबर चालायला लागले. एका मळ्यातल्या माणसानं बांधावरून हाक दिली, "आलं का हो पाणी?" आणि उत्तराची वाट न बघता तो पाइप उचलायला पळाला. त्याची वांगी बारा-तेरा दिवस तहानलेली होती.

तीन किलोमीटरला आम्हाला दोन तास लागले. पैनगंगेचं पात्र रुंद, वाळूचं, आणि मध्ये एक लांबट डोह. पाणी वाळूत मुरतंय की काय असं वाटलं, मग ते पुढं आलं, काठावरून घसरलं आणि खळखळत डोहात पडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाण्याखाली काहीतरी चमकलं. बोटभर लांबीच्या मासोळ्या. आधी पाच-सहा, मग शेकड्यानं, नव्या धारेच्या तोंडाशी गर्दी करून प्रवाहाकडं तोंडं करून उभ्या.

मी अर्चनाला काही विचारणार होते. पाहिलं तर तिनं चपला काढल्या होत्या आणि सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून ती धारेत उतरली होती. मासोळ्या तिच्या घोट्यांभोवतीनं बाजूला झाल्या आणि परत आल्या.

"सहा वर्षं झाले, मावशी," ती म्हणाली. "रोज सोडतो पाणी. ते इथं येते, हे पह्यल्यांदा पाहून राह्यली."